फोनवरच्या शाळेच्या बाई

कोणी बोलायला लागलं की बाई उजव्या हाताचं बोट टेबलावर टेकवायच्या. ते टेकलेलं असेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. बोलणाऱ्याचं बोलणं थांबलं, त्याच्यावर आणखी एक श्वास गेला, की बोट उचललं जायचं. मध्येच कोणी बोललं तर वर न बघता विचारायच्या, "संपलं का त्यांचं?"

आम्ही सगळे मुरलेले शिक्षक. वर्गाला गप्प बसवण्यात आमची हयात गेलेली. आपल्यालाच कोणी गप्प बसायला शिकवेल असं आमच्यातल्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तुमच्या ओळखीत कोणी मास्तर असतील तर हे प्रकरण किती अवघड होतं ते तुम्हाला कळेल.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावोगावी पिवळ्या पाट्यांचे फोनबूथ निघाले होते आणि फोनवरून काहीही होऊ शकतं असं लोकांना वाटू लागलं होतं. नगरच्या एका संस्थेच्या सचिवांनाही तसं वाटलं. ज्यांची शाळा अर्धवट सुटली अशा मोठ्या माणसांना, विशेषतः बायांना, बाहेरून दहावीला बसवायचं. शेवगाव, जामखेड आणि घोडेगाव इथं एकेक खोली घ्यायची, तिथल्या फोनला स्पीकर जोडायचा, आणि आम्ही नगरमध्ये बसून संध्याकाळी फोनवर शिकवायचं. आम्ही तिला फोनवरची शाळा म्हणायचो. घोडेगावचे लोक 'लायनीवरची शाळा' म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी गणित घेतलं. सवयीने उठलो, फळ्यावर त्रिकोण काढला आणि म्हणालो, "हा बघा काटकोन." तिकडे सगळं शांत. मग जामखेडहून एका बाईचा भिडस्त आवाज आला, "सर, कुटं बगायचं?"

इतिहासाच्या निंबाळकर सरांची तऱ्हा निराळी. त्यांचा आवाज मुळातच पटांगण ओलांडून जाणारा. शेवगाव लांब आहे म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. नंतर कळलं, शेवगावच्या लोकांनी स्पीकरवर टॉवेल टाकला होता.

आठवडाभर असं चालल्यावर सचिव बाईंना घेऊन आले. मुलींच्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या. पन्नाशीच्या आसपासचं वय, सुती साडी, जाड काड्यांचा चष्मा. आवाज अगदी साधा, रस्त्यात ऐकला तर मागे वळून बघू नये असा. सचिवांनी त्यांची बरीच स्तुती केली. ती चालू असताना बाईंचं बोट टेबलावर होतं. स्तुती संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सगळे चांगलं शिकवत असणार. पण ते तिकडं दिसत नाही."

मग त्यांनी मला आणि निंबाळकर सरांना पाठीला पाठ लावून बसवलं. दोघांच्या हातात वर्तमानपत्राचा एकेक तुकडा दिला. सरांनी शेंगदाण्याची पुडी बांधायची आणि बांधता बांधता मला सांगायचं. मी न बघता, नुसतं ऐकून तशीच बांधायची.

"असा दुमडा," सर म्हणाले. "आता असा. आता हे टोक असं आत घाला. झाली पुडी."

माझ्या हातात जे झालं होतं त्यात शेंगदाणा सोडा, हवासुद्धा राहिली नसती.

"तुम्हाला साधी पुडी बांधता येत नाही?" सर चिडले.

"तुम्हाला सांगता येत नाही," मी म्हणालो.

बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत. "असा, असं, इकडं, तिकडं, हे, ते," त्या म्हणाल्या, "हे शब्द आजपासून बंद."

ते शब्द बंद झाल्यावर आमच्याकडे बोलायला फारसं काही उरलं नाही. दोन वाक्यांत चारदा अडखळायला व्हायचं. ती सवय मग घरीही लागली. मी एकदा बायकोला म्हणालो, "गॅसच्या डाव्या बाजूला, भिंतीला लागून जो उंच डबा आहे, त्याच्या मागची वाटी दे." तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बोलण्याचं शिक्षण त्या मानाने लवकर झालं. ऐकण्याचं झालं नाही. बाईंचा नियम असा होता, की कोणी प्रश्न विचारला तर आधी तो त्याच्याच शब्दांत परत म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं. घोडेगावला कांता नावाची एक विद्यार्थिनी होती. सातवीनंतर लग्न झालेली, घरी म्हशींचा व्यापार. तिने एकदा निंबाळकर सरांना विचारलं, "सर, तह म्हंजी हरल्यावरच करत्यात का?"

सर खुलले. पुरंदरपासून सुरू झाले ते थेट पानिपतापर्यंत गेले. सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, "सर, त्यांनी काय विचारलं होतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण मलाही आठवत नव्हतं.

"कांताबाई," बाई फोनवर म्हणाल्या, "तुमचा प्रश्न पुन्हा सांगा. सरांच्या इथं पोचला नाही."

कोणाच्या उच्चारांना मात्र त्या कधी हात लावत नसत. तिकडून 'पानी' आलं, 'न्हाई' आलं, तरी त्या सुधारायच्या नाहीत आणि आम्हालाही सुधारू द्यायच्या नाहीत. "ती पेपरात बरोबर लिहील," म्हणायच्या, "आत्ता तिला विचारू द्या." बाईंना गप्पांचीही आवड नव्हती. चहाच्या वेळी आम्ही बदल्या आणि पगारवाढ यांवर बोलू लागलो की त्या पेला घेऊन गॅलरीत जायच्या. एका समारंभात पाहुण्यांचं भाषण चालू असताना मागच्या रांगेतून उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "शेवटचं वाक्य इथं ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणाल का?" पाहुण्यांनाही ते आठवेना. त्यानंतर संस्थेने त्यांना समारंभाला बोलावणं कमी केलं.

एका संध्याकाळी मी समीकरणं शिकवत होतो. घोडेगावला विचारलं, "समजलं का?" कांता म्हणाली, "समजलं." मी पुढे निघालो. बाईंनी हात पुढे करून फोन आपल्याकडे ओढला.

"कांताबाई, आज लवकर समजलं?"

तिकडून काहीच आलं नाही. निंबाळकर सर "हॅलो, हॅलो" करायला पुढे झुकले, तर बाईंनी त्यांना नुसतं बघून थांबवलं. लाइनीत खरखर होती, लांब कुठेतरी म्हैस ओरडत होती. मला तर लाइन तुटली असंच वाटलं. बऱ्याच वेळाने आवाज आला.

"बाई, माजं आजचं शेवटचं. उद्यापासनं म्या यायची न्हाई."

"बरं. का, ते सांगण्यासारखं आहे?"

"तात्या नगं म्हनत्यात." तात्या म्हणजे तिचे सासरे. "बाजारात लोकं बोलाय लागलीत. सून रोज सांजच्याला फोनवर कुन्या मास्तराशी बोलती म्हनून."

आम्ही तिथे बसलेले सगळे मास्तर एकमेकांकडे पाहू लागलो. बाई म्हणाल्या, "तात्यांना एकदा फोनवर घेऊन याल? मी रागावणार नाही. मला त्यांचं ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी तात्या आले. फोनवर बोलायची बहुधा पहिलीच वेळ असावी. निंबाळकर सरांपेक्षाही वरचा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

"ह्ये काय चालवलंय तुमी?"

"नमस्कार, तात्या. तुम्ही सांगा. मी ऐकते."

तात्यांनी सांगितलं. म्हशींच्या धारा संध्याकाळी असतात आणि नेमकी तेव्हाच सून घरात नसते. म्हातारीचे गुडघे गेलेत, तिला आता बसून धार काढता येत नाही. मुलगा माल घेऊन या बाजारातून त्या बाजारात. मग बाजारातली माणसं, त्यांचे टोमणे, कोणी काय म्हटलं, कोण कसं हसलं. मधूनच एका म्हशीची गोष्ट निघाली, ती पार तिच्या आजीपर्यंत गेली. बाई मधूनमधून "बरं" एवढंच म्हणत होत्या. निंबाळकर सरांनी एका चिठ्ठीवर 'त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगा' असं लिहून पुढे सरकवलं. बाईंनी ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिली.

तात्या थांबले. बाईंचं बोट आणखी एक श्वास टेबलावरच राहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे संध्याकाळची धार अडते. आणि लोक हसतात, ते तुम्हाला लागतं. या दोन गोष्टी झाल्या. तिसरी आहे?"

तात्यांचा आवाज आता खाली आला होता. "न्हाई. तिसरी काय न्हाई."

"तिनं शिकू नये असं वाटतं तुम्हाला?"

"तसं म्या कुटं म्हनलं?" तात्या तटकन म्हणाले. "हुशार हाय ती. हिशेब तीच ठिवती समदा."

मग शाळेची वेळ धारेनंतरची झाली. लोकांच्या बोलण्यावर तात्यांनी स्वतःच उपाय काढला. रोज सुनेबरोबर येऊन खोलीत बसायचं. "म्या बसलो म्हनल्यावर कोन बोलतंय बगू."

तात्या आले ते राखणीला, पण माणूस रिकामा किती बसणार? महिन्याभरात ते प्रश्न विचारू लागले. "सर, दमानं घ्या, माजं अजून तितंच हाय," असं ऐन समीकरणात यायचं. बाईंनी त्यांना एकदा विचारलं, की गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून सौदा करतात तो कसा? तात्या म्हणाले, "बोटं धरली की भाव कळतो. पन खरं त्यात न्हाई. समोरचा बोट कसं सोडतोय त्ये बगायचं. गडबडीनं सोडलं तर त्याला गरज हाय." बाई मोठ्याने हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कांता मार्चच्या परीक्षेत गणितात नापास झाली, म्हणजे माझ्याच विषयात. मी फोनवर तिची समजूत घालायला लागलो, तर तात्याच बोलले, "सर, आमी बी वर्गात बसलो हुतो. आमाला बी न्हाई कळलं. पुना सांगा पयल्यापासनं." पुन्हा सांगितलं. ऑक्टोबरला ती पास झाली. त्या वर्षी घोडेगावहून म्हशीच्या खरवसाचा डबा आला. तो बाईंनी सगळ्यांना वाटला आणि स्वतः भांडं खरवडून खाल्लं.

बाईंनी हे कुठून उचललं ते मला जामखेडच्या एसटीत कळलं. तिथलं केंद्र बघायला आम्ही दोघं निघालो होतो. त्या मूळच्या जामखेडच्याच. लग्न त्यांनी केलं नव्हतं. वडील, आप्पा, तिथे धाकट्या भावाजवळ राहत. आप्पा रस्त्याच्या कामावरचे मजूर. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर, पोरंबाळं झाल्यावर, वाचायला शिकले. मग हातात येईल ते वाचू लागले. पुढे काचबिंदूने डोळे गेले.

"वाचायला उशिरा शिकले आणि डोळे लवकर गेले," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मग मी वाचून दाखवायची. मी आपली भराभरा वाचायची. तर म्हणायचे, मला दिसंना. त्ये पानावर कुटं लिवलंय? वरच्या अंगाला का खाली? फोटूत कोन उबं हाय, कोन बसलंय? सगळं सांगावं लागायचं. मला मैत्रिणींकडे जायचं असायचं आणि त्यांना कसलीच घाई नसायची."

एवढंच त्या बोलल्या. वाटेत गाडी थांबली तेव्हा भेळ घेतली आणि पुढचा रस्ता झोपून काढला.

दोन-तीन वर्षांत फोनवरच्या शाळेचं नाव झालं. बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक प्रशिक्षणाला येणार, पुढे टीव्हीवरून शिकवायचं, अशा गोष्टी सुरू झाल्या. सचिवांनी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावले. बाई प्रशिक्षण देणाऱ्यांत नव्हत्या, घेणाऱ्यांत होत्या. मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "बाई उत्तमच आहेत हो. पण बोलण्यात जरा ग्रामीण छटा येते. बाहेरचे लोक येणार, बरं दिसत नाही."

मी हे बाईंना सांगितलं नव्हतं. त्यांना कुठून कळलं माहीत नाही, पण कळलं होतं. "छटा," त्या म्हणाल्या. "बरा शब्द काढला."

तज्ज्ञांचा आवाज मात्र ऐकत राहावा असा होता. श्रवणकौशल्यावर ते दुपारपर्यंत बोलले, मध्ये कोणाला बोलू न देता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. बाई उठल्या. "ज्याला बोलायचंच नाही, त्याचं कसं ऐकायचं?"

"छान प्रश्न," तज्ज्ञ म्हणाले, आणि माइक तोंडापासून किती अंतरावर धरावा ते त्यांनी सविस्तर सांगितलं. बाई "धन्यवाद" म्हणून खाली बसल्या. जिन्यात मी त्यांच्याकडे पाहत होतो, काही बोलतील म्हणून. त्या म्हणाल्या, "आवाज काय सुंदर आहे हो त्यांचा." त्यात टोमणा नव्हता. पण त्या दिवसानंतर फोनच्या खोलीत त्यांचं येणं कमी झालं, आणि सचिवांनी त्यांना का येत नाही असं विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आमचं बरं चाललं होतं.

त्याच हिवाळ्यात आप्पांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बाईंनी आधी रजा घेतली, मग नोकरीच सोडली आणि जामखेडला गेल्या.

मी केंद्राच्या कामाला जामखेडला गेलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. आप्पा खाटेवर उशीला टेकून बसवलेले. बाई जमिनीवर पेपर पसरून वाचत होत्या. मला मानेनेच बसायला सांगितलं आणि वाचत राहिल्या. धरणातलं पाणी, ज्वारीचा भाव, कुठल्याशा उद्घाटनाचा फोटो. "मधी पुढारी उबा हाय आप्पा, हातात कात्री. डाव्या अंगाला तिघं, समदे फोटूवाल्याकडंच बगत्यात, फितीकडं कुनीच न्हाई."

नगरमध्ये त्यांच्या तोंडून ही बोली मी कधी ऐकली नव्हती. तिथे नुसती छटा होती, इथे त्या अख्ख्या तशा बोलत होत्या.

आप्पांच्या घशातून आवाज निघाला. बाईंनी पेपर बाजूला ठेवला.

"काय आप्पा? भाव परत सांगू?"

तोच आवाज. मान जराशी हलली, नाही म्हणून.

"पानी पायजे? न्हाई? कूस बदलायची? कोन आलंय म्हनता? नगरचे सर हायेत."

आप्पा पुन्हा पुन्हा तेच काढत राहिले. आवाज चढत गेला, डोळ्यांतून पाणी आलं, डावा हात खाटेवर आपटू लागला. बाईंनी तो धरला. आणखी काय काय विचारलं. भाऊ, शेत, कुत्रं, आईचं नाव. एकही लागू पडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "न्हाई कळलं मला, आप्पा." आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यांनी चहा टाकला. मी चुलीजवळच्या पाटावर बसलो. विचारू नये असं वाटत होतं तरी विचारलं, "कळतं का त्यांचं?"

"दिवसातनं एखादं कळतं," बाई म्हणाल्या. "काल तासभर घालवल्यावर कळलं, उशीच्या खोळीत कापसाची गाठ टोचत होती. बाकीचं वाया जातं."

"मग?"

"मग काय. त्यांचं सांगून तरी होतं." त्यांनी चहा गाळला. पेला माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला शिकवताना फार ठामपणे बोलायची, नाही? जणू ऐकलं की कळतंच."

मी पेला उचलला. त्यांनी ते धरून ठेवलं नाही. चहा झाल्यावर आप्पांना बशीतून पाजला, तोंड पुसलं, आणि पेपर पुन्हा उघडून कुठे थांबलो होतो ते शोधू लागल्या.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला आप्पा गेल्याचं जामखेडच्या केंद्रातून कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारची बाई ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "भाऊ गेला पुन्याला कामाला. ताई कारखान्यावर गेल्या. ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांची शाळा हाय तितं, उसाच्या पाचटाच्या कोपीत, झोपडीत म्हना, ती घ्यायला."

"कोणत्या कारखान्यावर?"

"त्ये न्हाई ठावं. आमच्या गल्लीतली मानसं निगाली, त्यांच्याच ट्रकमधी बसून गेल्या. पेटी आन् वळकटी घेतली, झालं."

परत येताना स्टँडजवळ एसटीची वाट बघत थांबलो. रस्त्याच्या कडेला असाच एक ट्रक भरत होता. खाली पत्र्याच्या पेट्या, त्यावर अंथरुणं, चुलीची लाकडं, डालीत कोंबड्या आणि सगळ्यात वर माणसं. एक म्हातारी वरून खाली कोणाला तरी काही सांगत होती. इंजिन चालू झालं होतं, त्यामुळे काहीच ऐकू येत नव्हतं. खाली उभी असलेली एक तरणी बाई हात उंच करून तिला पुन्हा सांगायला लावत होती. ट्रक हलला. म्हातारीने पुन्हा सांगितलं. खालची बाई फाट्यापर्यंत ट्रकबरोबर पळत गेली, मग धुरात उभी राहिली.